ट्रम्प जिंकावेत म्हणूनच का? रशियाच्या २०१६च्या उचापतींमागचे हेतू

प्रश्न असा आला आहे : "२०१६च्या अमेरिकन निवडणुकीत रशियाने ढवळाढवळ केली ती ट्रम्पना जिंकवण्यासाठीच ना? मग ट्रम्प निवडून आल्यावरही रशियावरचे निर्बंध उठले नाहीत, उलट वाढले. म्हणजे रशियाचा डाव फसला, की मुळात हेतूच वेगळा होता?"

प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यातच पहिल्याचं निम्मं उत्तर आहे. ट्रम्प यावेत अशी इच्छा मॉस्कोला होती, पण ती उशिरा आली. शिवाय मोहिमेचा बहुतेक काळ ते खरंच येतील असं तिथे फारसं कुणाला वाटत नव्हतं. मूळ हेतू त्याआधीचा आहे आणि ट्रम्प यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आता जरा पसरून सांगतो.

मी एका मराठी दैनिकात वीसेक वर्षं परदेशाचं पान सांभाळलं. ८ नोव्हेंबर २०१६ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे-हजारच्या नोटा बंद केल्या आणि माझी अमेरिकेतल्या मतदानाची बातमी पहिल्या पानावरून उडून आत कुठेतरी जाऊन पडली. त्याचं फार दुःख करायला वेळ नव्हता, कारण दुसऱ्या दिवशीच्या निकालासाठी मजकूर तयार ठेवायचा होता. दोन फायली केल्या होत्या. 'क्लिंटन विजयी' ही भरगच्च : कारकिर्दीचा आढावा, चौकटी, फोटो, पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षा वगैरे सगळं. 'ट्रम्प विजयी' या फायलीत जेमतेम तीनशे शब्द, तेही उरकून टाकल्यासारखे. ९ तारखेला दुपारी एकच्या सुमारास निकाल लागला आणि बँकेपुढच्या रांगेतून धापा टाकत आलेल्या सहकाऱ्यांना घेऊन मी ते तीनशे शब्द ताणत बसलो. हे सांगतोय कारण मॉस्कोतही जवळपास हेच झालं होतं. त्यांचीही क्लिंटनबाईंचीच फाइल भरलेली होती. त्याकडे नंतर येतो.

अशा प्रकरणात सगळ्यात जास्त चुका होतात त्या 'फायदा कुणाचा झाला?' या प्रश्नापासून सुरुवात केल्यामुळे. निकाल कळल्यावर मागे वळून पाहिलं की प्रत्येक कृती त्या निकालासाठीच केल्यासारखी दिसायला लागते. मी उलटीकडून जातो. त्या त्या तारखेला, ती कृती करणाऱ्याला, पुढे काय होईल असं वाटत होतं? ते आधी ठरवायचं आणि मग कृती वाचायची.

त्या हिशेबाने पहिली तारीख २०१६ची नाहीच. ती डिसेंबर २०११ची आहे.

त्या वर्षी २४ सप्टेंबरला तेव्हाचे रशियन राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी भर अधिवेशनात सांगितलं की पुढचे राष्ट्राध्यक्ष पुन्हा पुतिन. लोकांना ते लागलं. खुर्च्यांची अदलाबदल दोघांनी आपसांत करून टाकली होती, मतदार हिशेबातच नव्हता. ४ डिसेंबरला ड्यूमाची, म्हणजे रशियन संसदेची, निवडणूक झाली. मतपेट्यांत गठ्ठेच्या गठ्ठे कोंबले जात असल्याचे मोबाइलवरचे व्हिडिओ इंटरनेटवर फिरले. लगेच हिलरी क्लिंटन, तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री, यांनी निवडणुकीबद्दल गंभीर चिंता जाहीर केली. ८ डिसेंबरला पुतिन यांनी जाहीरपणे सांगितलं की बाईंनी आमच्या देशातल्या काही मंडळींना इशारा दिला आणि त्या मंडळींनी तो ऐकला. १० तारखेला मॉस्कोच्या बोलोत्नाया चौकात हजारोंची गर्दी उभी राहिली. पुतिन यांच्या कारकिर्दीत राजधानीत असं काही पहिल्यांदाच होत होतं. आणि जेमतेम दीड-दोन महिन्यांपूर्वी लिबियाच्या गडाफींचा शेवट साऱ्या जगाने मोबाइलच्या पडद्यावर पाहिला होता.

क्लिंटन यांच्या दोन वाक्यांमुळे मॉस्कोची माणसं थंडीत रस्त्यावर आली असं तुम्हा-आम्हाला वाटणार नाही. पण केजीबीत वाढलेल्या माणसाला लोक आपणहून रस्त्यावर येतात हेच मुळात पटत नाही. कुणीतरी आणलेले असतात. २००३मध्ये जॉर्जिया, २००४मध्ये युक्रेन, २००५मध्ये किर्गिझस्तान : प्रत्येक ठिकाणी निवडणूक, घोटाळ्याचा आरोप, चौकात गर्दी, सरकार गडगडलं. क्रेमलिनच्या लेखी ही एकाच कारखान्यातली तयार मालाची मालिका होती आणि पुढचं गिऱ्हाईक आपण, अशी त्यांची खात्री होती. २०१२मध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना 'परकीय हस्तक' म्हणवून घ्यायला लावणारा कायदा आला, त्याच वर्षी अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेला गाशा गुंडाळायला लावला.

यात त्यांचा एक जुना आणि अगदीच निराधार नसलेला हिशेब आहे तो १९९६चा. त्या वर्षाच्या सुरुवातीला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांची लोकप्रियता एक आकडी होती. कम्युनिस्ट झ्युगानोव्ह निवडून येतील अशी चिन्हं होती. निवडणुकीआधी नाणेनिधीने सुमारे १० अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, हिलरींचे पती बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने येल्त्सिन यांच्यामागे उघड वजन टाकलं, काही अमेरिकन प्रचारतज्ज्ञ मॉस्कोच्या हॉटेलात बसून सल्ला देत होते. जुलैत येल्त्सिन जिंकल्यावर 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर अमेरिकन झेंडा हातात घेतलेल्या येल्त्सिनचं चित्र छापलं आणि अमेरिकन मदतीला धावून आले असा मथळा दिला. त्या सल्लागारांनी खरंच किती फरक पाडला याबद्दल मला शंका आहे. येल्त्सिन यांना रशियन धनाढ्यांचा पैसा आणि त्यांच्या ताब्यातल्या वाहिन्या यांनी जास्त तारलं. पण ते मुखपृष्ठ रशियात कुणी विसरलेलं नाही. 'तुम्ही आमच्याकडे केलंत, आम्ही तुमच्याकडे करतो' हे सांगायला त्यांना तेवढं पुरतं.

तेव्हा मूळ हेतू असा वाचावा : आपल्या खुर्चीखाली बाहेरून सुरुंग लावला जातोय ही धारणा, आणि 'तुमच्या निवडणुकाही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत' हे आपल्याच जनतेला दाखवून देण्याची गरज. हा दुसरा भाग बहुतेक विश्लेषणांत सुटतो. अमेरिकेतल्या गोंधळाचा प्रेक्षक फक्त अमेरिकेत नव्हता. तो रशियात टीव्हीसमोरही बसलेला होता. अमेरिकेतही मेल फुटतात, पक्षच आपल्या उमेदवाराला खाली ओढतो, हरणारा निकाल मानत नाही, हे रोज संध्याकाळच्या बातम्यांत दिसलं की बोलोत्नायाच्या चौकात उभं राहण्यातली हवाच निघून जाते.

२०१४मध्ये त्यात पैशाचा हिशेब मिसळला. मार्चमध्ये युक्रेनचं क्रिमिया घेतलं, निर्बंध आले, आर्क्टिकमधल्या कारा समुद्रात रोसनेफ्त या रशियन सरकारी कंपनीबरोबर तेल शोधणाऱ्या अमेरिकन एक्सॉनला काम थांबवावं लागलं. अमेरिकेचा मॅग्निट्स्की कायदा २०१२पासून होताच. त्याने मोजक्या रशियन अधिकाऱ्यांच्या परदेशातल्या संपत्तीवर आणि प्रवासावर गदा आली होती. त्यांना तो किती झोंबला होता याचा पुरावा हवा असेल तर जून २०१६मधली ट्रम्प टॉवरची ती बैठक पाहा. क्लिंटनविरोधी माहिती मिळेल या आशेने ट्रम्प यांचा मुलगा आणि जावई जाऊन बसले आणि रशियन वकीलबाई मॅग्निट्स्की कायदा आणि त्याला उत्तर म्हणून रशियाने अमेरिकनांना मूल दत्तक देण्यावर घातलेली बंदी यावरच बोलत राहिल्या. त्यात २०१६च्या एप्रिलमध्ये पनामा पेपर्स फुटले, पुतिन यांच्या जुन्या चेलोवादक मित्राच्या नावावरच्या कंपन्या जगापुढे आल्या, पाठोपाठ ऑलिंपिकमधल्या उत्तेजकांचं प्रकरण. या दोन्हींमागे अमेरिकाच आहे असं मॉस्कोने धरून चाललं होतं. खरं-खोटं बाजूला ठेवा. हेतू ठरतो तो त्यांना काय खरं वाटत होतं त्यावर.

आता कृतीकडे. यात दोन वेगळी दुकानं होती आणि ती एकत्र मोजली की सगळा गोंधळ होतो.

पहिलं दुकान सेंट पीटर्सबर्गच्या साव्हुश्किना रस्त्यावरचं, इंटरनेट रिसर्च एजन्सी. पैसा येव्हगेनी प्रिगोझिन यांचा. हे तेच गृहस्थ ज्यांनी सरकारी मेजवान्यांची कंत्राटं घेता घेता पुढे वाग्नर नावाचं खासगी सैन्य उभं केलं. ही कंपनी काही सरकारी खातं नव्हती. अमेरिकन आरोपपत्रानुसार त्यांच्या संपूर्ण प्रकल्पाचं महिन्याचं अंदाजपत्रक सप्टेंबर २०१६पर्यंत साडेबारा लाख डॉलरच्या वर गेलं होतं आणि अमेरिकेवरचं काम २०१४मध्येच सुरू झालं होतं. तेव्हा ट्रम्प उमेदवार नव्हते, टीव्हीवर लोकांना नोकरीवरून काढून टाकण्याचा कार्यक्रम करत होते.

या दुकानाचा हेतू समजून घ्यायचा तर ह्यूस्टनचा २१ मे २०१६चा दिवस बघावा. फेसबुकवर 'हार्ट ऑफ टेक्सस' नावाचं पान होतं, टेक्ससच्या अभिमानाचं. त्याने ह्यूस्टनमधल्या एका इस्लामी केंद्रासमोर 'टेक्ससचं इस्लामीकरण थांबवा' अशी निदर्शनं पुकारली. 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या दुसऱ्या पानाने त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी इस्लामी ज्ञान वाचवण्यासाठी जमा असं आवाहन केलं. माणसं आली. रस्त्याच्या या बाजूला एक गट, त्या बाजूला दुसरा, मध्ये पोलीस, आरडाओरडा. दोन्ही पानं साव्हुश्किना रस्त्यावरून चालत होती. जमलेल्यांत एकही रशियन असण्याची गरज नव्हती. पुढच्या वर्षी सिनेटच्या सुनावणीत समितीचे अध्यक्ष रिचर्ड बर यांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यासाठीच्या जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर सांगितला.

आता विचार करा, यातून ट्रम्पना काय मिळणार होतं? टेक्सस तसंही रिपब्लिकनांच्या खिशातलं राज्य. तिथे दोन जमाती समोरासमोर आणून मतं वाढणार नव्हती. आपसांत जुंपून देणं हेच त्या दिवसाचं काम होतं.

याच कंपनीत फेब्रुवारी २०१६मध्ये कर्मचाऱ्यांना सूचना गेली होती की हिलरी आणि इतरांवर टीका करायची एकही संधी सोडू नका. सँडर्स आणि ट्रम्प यांना मात्र सोडा, त्यांना आपला पाठिंबा आहे. बर्नी सँडर्स हे क्लिंटन यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी, डावे, आणि ट्रम्प उजवे. दोघांना एकाच वेळी पाठिंबा देणाऱ्याला विचारसरणीशी काही देणंघेणं नसतं. दोघांत समान एवढंच की दोघेही क्लिंटन यांच्या वाटेतले काटे होते.

आणि निवडणूक संपल्यावर? १२ नोव्हेंबर २०१६ला याच मंडळींनी न्यू यॉर्कमध्ये निर्वाचित राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या समर्थनार्थ मेळावा बोलावला, आणि त्याच दिवशी त्याच शहरात 'ट्रम्प माझे राष्ट्राध्यक्ष नाहीत' असाही. फेसबुकने पुढे सांगितलं की त्यांच्या जाहिराती जितक्या वेळा दिसल्या त्यांतल्या ५६ टक्के मतदानानंतर दिसल्या. माणूस निवडून आणणं एवढाच हेतू असता तर ९ नोव्हेंबरला शटर खाली आलं असतं.

दुसरं दुकान लष्करी गुप्तहेर संस्थेचं, जीआरयूचं. इथे गणवेशातले अधिकारी होते. २०१८च्या जुलैमध्ये त्यांच्यापैकी बारा जणांवर अमेरिकेत आरोपपत्र आलं. १९ मार्च २०१६ला क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना, जॉन पोडेस्टा यांना, गूगलकडून आल्यासारखी दिसणारी मेल आली की तुमचा पासवर्ड कुणाला तरी मिळालाय, बदला. कार्यालयातल्या तंत्रज्ञाने उत्तर दिलं की ही मेल खरी आहे. त्याला 'बनावट' लिहायचं होतं, घाईत उलटं लिहिलं गेलं, असं त्याने नंतर सांगितलं. आमच्या डेस्कवर 'नाही' हा एक शब्द गाळल्याने मी स्वतः एकदा एका मंत्र्याचा राजीनामा छापला होता, त्यामुळे मला त्या मुलाबद्दल सहानुभूतीच आहे.

मेल चोरणं ही हेरगिरी झाली, ती सगळेच करतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या संगणकांत रशियाची आणखी एक हेरसंस्था २०१५पासूनच शिरलेली होती आणि तिने काही बाहेर काढलं नव्हतं. गुपचूप वाचत बसली होती. दोन्ही संस्था एकाच घरात होत्या आणि एकीला दुसरीचा पत्ता असल्याचं दिसत नव्हतं. म्हणजे वरून एक नकाशा आणि खाली सगळे त्यावर चालताहेत असं चित्र रंगवू नये. वरच्यांना काय आवडेल याचा अंदाज बांधून खालचे एकमेकांच्या पुढे धावत होते. यात प्रिगोझिन यांचा हेतू तर बराचसा कंत्राटदाराचा होता : साहेब खूश तर पुढचं काम आपल्याला.

फरक पडला तो चोरलेलं छापून आणण्याने. तिथे तारखा बोलतात. २२ जुलैला, फिलाडेल्फियातल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या तीन दिवस आधी, फुटलेली कागदपत्रं छापणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने पक्षाच्या सुमारे वीस हजार मेल टाकल्या. पक्षाची यंत्रणा सँडर्स यांच्याविरुद्ध झुकलेली होती हे त्यातून दिसलं, पक्षाध्यक्षांना दोन दिवसांत जावं लागलं, सभागृहात सँडर्स यांच्या लोकांनी हुर्यो उडवली. ७ ऑक्टोबरला ट्रम्प यांची बायकांबद्दलची ती ध्वनिचित्रफीत बाहेर आली आणि तासाभरात पोडेस्टा यांच्या मेल यायला लागल्या. या टप्प्यावर ट्रम्प यांना मदत होतेय हे उघड होतं, आणि करणाऱ्यांना ते कळत नव्हतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

मग ट्रम्प जिंकणार असं मॉस्कोला वाटत होतं का? अमेरिकन गुप्तचर संस्थांचा ६ जानेवारी २०१७चा जाहीर अहवाल यावर स्पष्ट आहे. क्लिंटन जिंकण्याची शक्यता जास्त दिसू लागल्यावर मोहिमेचा भर त्यांची भावी कारकीर्द खिळखिळी करण्याकडे वळला. रशियाधार्जिण्या ब्लॉगरांनी मतदानाच्या रात्रीसाठी 'डेमोक्रसी आरआयपी' हा हॅशटॅग तयार ठेवला होता, क्लिंटन जिंकल्या की निवडणूकच चोरीची होती अशी बोंब मारायला. ही त्यांची भरगच्च फाइल.

आणि तीनशे शब्दांची फाइल? ती या हस्तक्षेपाची चौकशी करणारे अमेरिकेचे विशेष वकील म्युलर यांच्या अहवालात सापडते. निकालाच्या रात्री ट्रम्प यांच्या प्रसिद्धीप्रमुख होप हिक्स यांना परदेशी उच्चारात कुणाचा तरी फोन आला. पुतिन यांचा फोन असं काहीतरी त्यांना कळलं, बाकी कळलं नाही. सकाळी रशियन वकिलातीतल्या अधिकाऱ्याची मेल आली, पुतिन यांचं अभिनंदन घेऊन, आणि ती जीमेलच्या पत्त्यावरून. हिक्स यांनी ती जावई कुशनर यांना धाडली, खरी आहे का बघा म्हणून. कुणी आपल्याला फसवायला नको. कुशनर यांनी ओळखीच्या एका रशियातज्ज्ञांना विचारलं, रशियन राजदूताचं नाव काय? पुढच्या आठवड्यांत मॉस्कोतले बँकर आणि फंडवाले ट्रम्प यांच्या गोटात शिरायला ओळखी शोधत फिरत होते. आपला माणूस बसवण्याची पक्की योजना असणारा देश असा चाचपडत नाही.

म्हणून माझं वाचन असं. पायाला, म्हणजे २०११ ते २०१४ या काळात, सूड आणि स्वसंरक्षण. त्यावर २०१४पासून अमेरिकन समाजात जिथे भेग दिसेल तिथे पाचर मारणं. २०१६च्या उन्हाळ्यापासून क्लिंटन यांचं नुकसान. जिंकल्या तरी लंगड्या जिंकाव्यात. आणि ट्रम्प आले तर दुधात साखर. ट्रम्प निर्बंधांबद्दल मवाळ बोलत होते, नाटोला नावं ठेवत होते, त्यामुळे ते आवडते होते यात शंका नाही. जुलै २०१८मध्ये हेलसिंकीत ट्रम्प-पुतिन भेटीनंतर पत्रकाराने तोंडावर विचारलं तेव्हा पुतिन यांनी सांगितलंच की हो, मला ते जिंकायला हवे होते, कारण ते संबंध सुधारण्याबद्दल बोलत होते.

ट्रम्प यांना मदत करण्याची 'आकांक्षा' होती या एका निष्कर्षावर गुप्तचर संस्थांच्या जानेवारी २०१७च्या त्या अहवालातच एकमत नव्हतं, हेही सांगायला हवं. सीआयए आणि एफबीआयने उच्च खात्री दिली, संदेश टिपणाऱ्या एनएसए या संस्थेने मध्यम. २०२५मध्ये सीआयएच्या नव्या प्रमुखांनी तो अहवाल फार घाईत उरकल्याची टीका प्रसिद्ध केली. राजकारण त्यातही आहे. पण सिनेटच्या समितीने, तीही रिपब्लिकनांच्या अध्यक्षतेखाली, २०२०मध्ये मूळ अहवाल उचलून धरला होता, आणि हस्तक्षेप झालाच नाही असं त्या समितीतलं कुणी म्हटलं नाही.

आता तुमच्या निर्बंधांकडे. डाव इथे खरंच उलटला. २९ डिसेंबर २०१६ला ओबामांनी ३५ रशियन अधिकाऱ्यांना हाकललं. ट्रम्प आले, पण हस्तक्षेपाचाच एवढा गवगवा झाला होता की रशियाला सवलत देणं म्हणजे आरोप कबूल करण्यासारखं झालं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, काट्सा हा निर्बंधांचा कायदा केला, प्रतिनिधिगृहात ४१९ विरुद्ध ३ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध २ अशा मतांनी. राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मर्जीने निर्बंध उठवू नयेत अशी मेखही त्यात मारली. ट्रम्प यांनी २ ऑगस्ट २०१७ला कुरकुरत सही केली. पुढच्या वर्षी भारताने रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घ्यायचा करार केला तेव्हा आपल्या डोक्यावर जी टांगती तलवार होती ती याच कायद्याची. सेंट पीटर्सबर्गमधल्या उचापतींची झळ दिल्लीपर्यंत आली ती अशी.

तेव्हा निर्बंध हा हेतू धरला तर डाव फसला. अमेरिकनांनी एकमेकांवर आणि स्वतःच्या मतपेटीवर संशय घेत राहावं हा हेतू धरला, तर २०० डॉलरला याहून स्वस्त काही मिळत नाही.

सगळेच देश याच हेतूने हात घालतात असं मात्र नाही. १९४८ची इटली घ्या. फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकिया कम्युनिस्टांच्या हाती गेलं होतं, १८ एप्रिलला इटलीत मतदान होतं. अमेरिकेने दे गास्पेरी यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला सीआयएमार्फत पैसे पोचवले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी बजावलं की कम्युनिस्ट आले तर मदत बंद. त्रिएस्ते शहर इटलीला परत मिळावं असं मतदानाच्या महिनाभर आधी जाहीर करून टाकलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियनांकडून गावाकडच्या नातेवाइकांना पत्रं लिहून घेतली, की बाबांनो, कम्युनिस्टांना मत देऊ नका. पत्राचा मसुदाही तयार मिळत होता. मॉस्कोही तिकडे कम्युनिस्टांना पैसा देतच होतं. ख्रिश्चन डेमोक्रॅटना ४८.५ टक्के मतं पडली, डाव्या आघाडीला ३१. चिलीत १९६४मध्ये डावे उमेदवार आयेंदे येऊ नयेत म्हणून सीआयएने एदुआर्दो फ्रेई यांच्या बाजूने २६ लाख डॉलरहून जास्त ओतले, म्हणजे फ्रेई यांच्या प्रचारखर्चाच्या निम्म्याहून अधिक. हे अमेरिकन सिनेटच्याच चर्च समितीने १९७५मध्ये बाहेर काढलं. दोन्हीकडे हेतू सरळ होता : अमुक माणूस नको. इटालियन माणसाचा मतदानावरचा विश्वास उडावा असं वॉशिंग्टनला मुळीच वाटत नव्हतं. उलट त्याने रांगेत उभं राहून 'बरोबर' ठिकाणी मत द्यावं अशी इच्छा होती.

रशियाही शेजारी तसाच वागतो. २००४ला युक्रेनमध्ये यानुकोविच यांना पुतिन यांनी अधिकृत निकालाआधीच शुभेच्छा देऊन टाकल्या होत्या. २०२४ला मोल्दोव्हात युरोपीय संघाकडे जाण्याचा कौल हाणून पाडायला मतं विकत घेण्याचे प्रयत्न झाले आणि तो कौल ५०.३५ टक्क्यांवर कसाबसा वाचला. शेजाऱ्याच्या घरात आपला माणूस हवा असतो. लांबच्या बलाढ्य देशात आपला माणूस बसवणं अवघड आणि बसला तरी टिकवणं त्याहून अवघड, म्हणून तिथे भांडण लावून देणं परवडतं. डोव्ह लेव्हिन या अभ्यासकाने १९४६ ते २००० या काळातले अमेरिका आणि सोव्हिएत-रशिया यांचे हस्तक्षेप मोजले तर ११७ निघाले, त्यांतले ८१ अमेरिकेचे. ही मोजणी मुख्यतः एखाद्या बाजूला जिंकवण्याच्या प्रयत्नांची आहे. २०१६चा प्रकार तिच्यात बसवताना म्हणूनच थोडी ओढाताण होते.

कधी कधी हात न घालणाऱ्याकडे बघून जास्त कळतं. २०२०च्या अमेरिकन निवडणुकीवरचा गुप्तचर अहवाल सांगतो की इराणने ट्रम्पना पाडायचा प्रयत्न केला, रशियाने बायडन यांची बदनामी केली, आणि चीनने विचार केला पण निकाल फिरवण्यासाठी काही केलं नाही. का? दोघांपैकी कुणीही आलं तरी पकडले जाण्याचा धोका पत्करावा इतका फायदा त्यांना दिसला नाही. इराणचा हिशेब वेगळा होता. जानेवारीत त्यांचे सेनानी सुलेमानी अमेरिकेच्या हल्ल्यात मारले गेले होते. ज्याचं पकडलं गेल्याने फारसं बिघडत नाही तो हात घालतो. २०१४नंतरचा रशिया त्याच जागी येऊन बसला होता. निर्बंध होतेच, आणखी काय करणार?

आपल्याकडे 'परकीय हात' हा शब्द इंदिराबाईंच्या काळात इतका वापरला गेला की त्याचा विनोद झाला. गंमत अशी की अमेरिकेचे भारतातले माजी राजदूत मोयनिहान यांनीच १९७८मध्ये लिहून ठेवलं की सीआयएने केरळ आणि पश्चिम बंगालमधल्या निवडणुकांत कम्युनिस्टांविरुद्ध काँग्रेसला दोनदा पैसे दिले होते. म्हणजे हात होता, पण ज्यांच्या खिशात होता त्यांनीच तो दुसऱ्याकडे दाखवला असं मोयनिहान यांचं म्हणणं. काँग्रेसने ते नाकारलं. तेव्हा अशा आरोपाची बातमी आली की आरोप करणाऱ्याचाही हेतू तपासावा लागतो. पान लावताना माझी ती सवय झाली होती.

राहिला तुम्ही न विचारलेला पण सगळे विचारतात तो प्रश्न : निकाल बदलला का? मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७७,७४४ मतांनी निवडणूक ठरली. इतक्या कमी फरकात क्लिंटन यांच्या मेलची चौकशी पुन्हा उकरणारं एफबीआय संचालकांचं पत्र, पाऊस, उमेदवाराने न घेतलेली सभा, काहीही निर्णायक ठरू शकतं. गुप्तचर अहवालाने परिणाम मोजण्याचं काम स्वच्छ शब्दांत नाकारलं आहे आणि ते बरोबर केलं.

प्रिगोझिन यांनी मात्र नंतर कबुली दिली. आम्ही हस्तक्षेप केला, करतोय आणि करत राहू, असं त्यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये जाहीर केलं. वर्षानुवर्षं हा माणूस आपला त्या कंपनीशी संबंधच नाही म्हणून दावे ठोकत होता. डेस्कवरच्या एका पोराने विचारलं, सर, याला अचानक खरं बोलायची उपरती कशी काय झाली? मी त्याला तारीख बघायला सांगितली. ७ नोव्हेंबर. अमेरिकेत मध्यावधी निवडणुकांचं मतदान ८ला होतं.